लांबच्या शिकारीसाठी लहान कॅलिबरचं वेगवान काडतूस: आधी वारा बघा, मग वेग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही डेन्व्हरला स्थायिक आहात, ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला आहे. पुढच्या हंगामात वायोमिंगला प्राँगहॉर्न (काळविटासारखं माळावरचं जनावर) आणि घरच्या कोलोरॅडोत म्यूल डिअर (तिथलं हरीण) असा बेत आहे. गोळी झाडताना खांद्याला बसणारा झटका कमी हवा, गोळी सपाट जायला हवी आणि ४००-५०० यार्डांपर्यंत भरवसा हवा. मित्राने .२२-२५० सुचवली, दुकानदाराने २६ नोझलर दाखवली, आणि तुमचं स्वतःचं मन .२५७ वेदरबी मॅग्नमवर बसलं आहे.

उत्तर आधी देतो. ६.५ क्रीडमूर घ्या. तिचा झटकाही जास्त वाटला तर ६ मिलिमीटर क्रीडमूर किंवा .२४३ विंचेस्टर घ्या. वेगाची हौस असेलच तर .२५-०६ रेमिंग्टनपाशी थांबा. बाकीची तिन्ही नावं पहिल्या रायफलसाठी यादीतून काढा. ती काडतुसं वाईट नाहीत, पण ज्या अडचणीवर ती तोडगा काढतात ती अडचण आता फारशी उरलेली नाही, आणि जी उरली आहे तिच्यावर त्यांच्याकडे तोडगा नाही.

हे नीट कळायला गोळी हवेत असताना दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. एक, ती खाली किती पडते. दुसरी, वारा तिला बाजूला किती ढकलतो. वेगवान लहान काडतुसांची सगळी कीर्ती पहिल्या गोष्टीवर उभी आहे. विंचेस्टरने १९३५ साली .२२० स्विफ्ट आणली आणि ४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला ४११० फूट वेगाने जाते अशी जाहिरात केली, तेव्हा लोक थक्क झाले. त्या काळी समोरचं जनावर २५० यार्डांवर आहे की ३५०, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवावं लागे. अंदाज शंभर यार्डांनी चुकला तरी गोळी छातीतच बसावी, म्हणून सपाट मार्ग लाखमोलाचा होता. .२६४ विंचेस्टर मॅग्नम १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली, .२५७ वेदरबी त्याच्याही आधीची, १९४०च्या दशकातली. ही सगळी त्याच गरजेतून जन्मलेली काडतुसं.

आज तुमच्या गळ्यात लेझर रेंजफाइंडर असतो. बटण दाबलं की ३८७ यार्ड असा आकडा येतो. अंतर कळलं की गोळी किती पडणार हे गणित आहे. स्कोपच्या टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली करणाऱ्या गोल बटणावर, तेवढे क्लिक फिरवले की झालं. ती १६ इंच पडते की २३ इंच, याने काही बिघडत नाही, कारण दोन्ही आकडे आधीच माहीत आहेत. वाऱ्याचं तसं नाही. वारा मोजून देणारं यंत्र तुमच्या हातात जिथे आहे तिथलाच वारा सांगतं. जनावरापाशी आणि मधल्या घळीत काय चाललंय ते तुम्हालाच वाचावं लागतं. म्हणून काडतूस निवडताना वाऱ्याचा आकडा आधी बघायचा.

आता आकडे घ्या. दोनशे यार्डांवर झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल अशी जुळवलेली रायफल, समुद्रसपाटीची हवा, आडवा वारा ताशी १० मैल, अंतर ४०० यार्ड. .२२-२५० मधून ५५ ग्रेनची नेहमीची व्हार्मिंट गोळी (कोयोटीसारख्या लहान उपद्रवी जनावरांसाठीची) ३६८० फुटांनी सुटते. ती ४०० यार्डांवर सुमारे १६ इंच पडते आणि वाऱ्याने १६-१७ इंच सरकते. ६.५ क्रीडमूरमधून १४३ ग्रेनची गोळी अवघ्या २७०० फुटांनी सुटते. ती सुमारे २३ इंच पडते, पण सरकते ९ ते १० इंचच. म्हणजे सेकंदाला जवळजवळ हजार फूट जास्त वेग घेऊन निघालेली गोळी वाऱ्यात दीडपटीहून जास्त भरकटते.

.२५७ वेदरबीचं उदाहरण यापेक्षाही बोलकं आहे. १०० ग्रेनची गोळी, ३६०० फूट वेग. पडते जेमतेम १३ इंच, म्हणजे क्रीडमूरपेक्षा १० इंच कमी. वाऱ्यात सरकते सुमारे ११ इंच, म्हणजे क्रीडमूरइतकीच किंवा किंचित जास्त. ९०० फूट जास्तीचा वेग, मोठा धमाका, जास्त झटका आणि महाग डबा, एवढं सगळं देऊन हाती लागले ते रेंजफाइंडर फुकट देतो तेच १० इंच. वेदरबीत ११५ ग्रेनची लांब, टोकदार गोळी भरली तर वाऱ्याचा आकडा सुधारतो हे खरं. पण ती भरताना तुम्ही वेग सोडून गोळीचा आकार निवडत असता, आणि मी तेच सांगतो आहे.

याचं कारण गोळीच्या आकारात आहे. सुरुवातीचा वेग किती यापेक्षा तो वेग ती वाटेत किती गमावते, यावर वाऱ्याचा परिणाम ठरतो. लांब, निमुळती आणि आपल्या व्यासाच्या मानाने जड गोळी हवा कापत जाते आणि वेग टिकवते. हा गुण बॅलिस्टिक कोएफिशियंटच्या आकड्यात सांगतात, बोलताना सगळे नुसतं बीसी म्हणतात. जी-वन पद्धतीने वर सांगितलेल्या ५५ ग्रेनच्या गोळीचा बीसी .२५५ आहे आणि क्रीडमूरच्या १४३ ग्रेनच्या ईएलडी-एक्स नावाच्या गोळीचा .६२५. डब्यावर वेग मोठ्या अक्षरात छापलेला असतो, बीसी बारीक अक्षरात. दुकानात आधी बारीक अक्षरं वाचा.

कोलोरॅडो आणि वायोमिंगच्या उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे पडणं आणि सरकणं दोन्ही या आकड्यांपेक्षा थोडं कमी होतं. पण काडतुसांचा आपसातला क्रम तोच राहतो.

आता हे जनावरावर लावून बघू. प्राँगहॉर्न म्हणजे साधारण आपल्या काळविटाच्या बेताचं, नर ४५ ते ६० किलोंचा. छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग आठ-नऊ इंचांचा धरा. म्हणजे मधोमध नेम धरला तर दोन्ही बाजूंना चार-साडेचार इंचांची मोकळीक. वाऱ्याचा अंदाज ताशी ५ मैलांनी चुकणं ही अनुभवी माणसाचीही रोजची गोष्ट आहे. ४०० यार्डांवर तेवढी चूक .२२-२५० ला आठ इंच बाजूला नेते, म्हणजे पोटात किंवा सरळ बाहेर. क्रीडमूरला ती पावणेपाच इंच नेते, म्हणजे छातीच्या अगदी काठावर. ३०० यार्डांवर क्रीडमूरची तीच चूक अडीच इंचांची होते आणि गोळी आरामात फुप्फुसात बसते. या एका गणितावरून मी म्हणतो की वारा असताना पहिल्या एक-दोन हंगामांत ३०० यार्ड हीच तुमची हद्द ठेवा. प्रश्नात तुम्ही ५०० यार्ड लिहिले आहेत. कागदावर आणि लोखंडी पाटीवर जरूर मारा. जनावरावर एवढ्यात नको.

वायोमिंगचा वारा म्हणजे काय ते सांगतो, कारण डेन्व्हरच्या बंदिस्त रेंजवर तो कळत नाही. रॉलिन्सच्या आसपासच्या सेजब्रशच्या माळावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारी ताशी १५-२० मैलांचा वारा ही नित्याची गोष्ट. तुम्ही टेकाडाच्या कडेवर पालथे पडलेले असता. तुमच्या नाकापुढचं गवत डावीकडे झुकलेलं असतं. दुर्बीण जनावरावर रोखून फोकस थोडा अलीकडे आणलात की मधल्या घळीवरची गरम हवेची थरथर दिसते, आणि ती कधी कधी उलट दिशेने, उजवीकडे वाहत असते. त्याच्याही पलीकडे जनावराच्या पाठीवरचे केस तिसरंच काही सांगतात. यातल्या कुठल्या वाऱ्याला किती किंमत द्यायची? साधारण नियम असा की तुमच्या जवळचा वारा जास्त महत्त्वाचा, कारण तिथे मिळालेला धक्का गोळी पुढच्या सगळ्या अंतरभर वाहून नेते. पण मधली घळ खोल असेल आणि गोळी तिच्यावरून उंच जात असेल तर गवत बघून फसगत होते. हे पुस्तकात वाचून येत नाही. त्यासाठी भरपूर गोळ्या झाडाव्या लागतात, आणि म्हणूनच काडतूस असं हवं की भरपूर गोळ्या झाडता येतील.

इथेच २६ नोझलर मागे पडते. ही २०१४ च्या सुमारास आलेली, गोळीचा व्यास तोच ६.५, म्हणजे .२६४ इंच. पण केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, मोठी आणि तिच्यात क्रीडमूरच्या जवळजवळ दुप्पट दारू. दुप्पट दारू जाळून १४० ग्रेनच्या गोळीला वेग मिळतो सुमारे वीस टक्के जास्त. बाकीची उष्णता त्याच अरुंद भोकातून बाहेर पडते आणि चेंबरपुढचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेपुढचा पोलाद खात जाते. तिथे आधी कोळशाच्या भेगांसारखी बारीक जाळी उमटते, मग रायफलिंगची, म्हणजे बॅरलमधल्या पिळांची, सुरुवात पुढे पुढे सरकत जाते आणि अचूकता ढासळते. क्रीडमूरची बॅरल साधारण अडीच-तीन हजार गोळ्या चांगली चालते, .२४३ ची दीड ते दोन हजार, आणि या मोठ्या ६.५ मॅग्नमची अनेकदा हजाराच्या आतच उतरणीला लागते. .२६४ विंचेस्टर मॅग्नमला बॅरल जाळणारी म्हणून जे नाव पडलं ते याच कारणाने. बॅरल बदलता येते, तो खर्चही सोसता येईल. पण बॅरल झिजण्याच्या धास्तीने माणूस सराव आवरता घेतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे. डबा महाग, झटका जोरदार, बॅरलची चिंता, मग वर्षभरात दोन डबे झाडून तो ५०० यार्डांवर नेम धरतो. अशा माणसाच्या हातात जगातली सर्वात सपाट रायफल असली तरी जनावर जखमी होऊन निसटतं, आणि ते होऊ नये एवढ्याच एका गोष्टीसाठी माझा सगळा आग्रह आहे.

झटक्याबद्दलही नीट बोललं पाहिजे, कारण मराठी माणसं हे बोलायला लाजतात असं मला वाटतं. आठ पौंडांच्या रायफलीत .२४३ चा झटका नऊ-दहा फूट-पौंडांचा, क्रीडमूरचा बाराच्या आसपास, .२५७ वेदरबीचा सतराच्या घरात, आणि जुन्या .३०-०६ चा वीसच्या. पंधराच्या वर गेलं की बहुतेकांचं बोट ट्रिगर खेचायच्या क्षणी दचकायला लागतं. झटक्याचा त्रास फक्त खांद्याला होत नाही. झटका कमी असला की स्कोपमधून जनावर सुटत नाही. गोळी कुठे लागली, ते कसं हललं, कुठल्या झुडपाकडे गेलं हे तुम्हाला स्वतःला दिसतं. एकट्याने शिकार करणाऱ्याला याचं मोल फार. बॅरलच्या तोंडाला मझल ब्रेक लावून मोठ्या काडतुसाचा झटका मारता येतो, पण मग आवाज इतका कर्कश होतो की बाजूला बसलेल्या सोबत्याचे कान जातात. ब्रेक असो वा नसो, कानात काहीतरी घातल्याशिवाय गोळी झाडू नका, जनावरावरसुद्धा.

आता .२२ कॅलिबरविषयी. तुमच्या मित्राचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. .२२-२५० हे जुनं, गुणी काडतूस. .२५० सॅव्हेजची केस आवळून लोकांनी हौसेने बनवलेलं, आणि १९६५ मध्ये रेमिंग्टनने ते कारखान्यात घेतलं. कोयोटी आणि प्रेअरी डॉगसाठी आजही उत्तम. पण कोलोरॅडोत हरीण, प्राँगहॉर्न, एल्क यांच्यासाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची, म्हणजे ६ मिलिमीटरची असावी असा नियम आहे. हरीण, प्राँगहॉर्न आणि अस्वलासाठी गोळी किमान ७० ग्रेनची, एल्क आणि मूससाठी ८५ ग्रेनची, ती पसरणारी हवी, आणि १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पौंड ऊर्जा हवी. म्हणजे तुमच्या घरच्या राज्यात म्यूल डिअरसाठी .२२ बेकायदाच. वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्न आणि हरणासाठी जड गोळीच्या सेंटरफायर .२२ ला मुभा आहे. तरी नियम दरवर्षी तपासून घ्या, कारण पुस्तिका दरवर्षी नवी निघते.

कायदा बाजूला ठेवला तरी ५५ ग्रेनची ती गोळी ४०० यार्डांवर पोहोचते तेव्हा तिच्यात सहाशे फूट-पौंडांच्या आसपास ऊर्जा उरते, क्रीडमूरमध्ये साडेचौदाशेच्या आसपास. ऊर्जेच्या आकड्यावर मी फार विसंबत नाही. गोळी आत जाऊन काय करते हे महत्त्वाचं. व्हार्मिंटची गोळी पातळ कवचाची असते आणि लागताच फुटण्यासाठीच बनवलेली असते. ती खांद्याच्या हाडावर बसली की वरवरच तुकडे होतात, मोठी जखम दिसते आणि फुप्फुस शाबूत राहतं. हल्ली वेगळ्या ट्विस्टच्या बॅरलमधून ७७-८० ग्रेनच्या लांब .२२ गोळ्या झाडणारे निष्णात लोक आहेत, .२२ क्रीडमूर त्यासाठीच आली. पण त्यातले बहुतेक वर्षाला हजारो गोळ्या झाडणारे आहेत. पहिल्या रायफलीसाठी तो रस्ता नाही.

ट्विस्टचा विषय निघाला आहे तर तो नीट समजून घ्या. काडतुसाच्या नावापेक्षा त्याने जास्त फरक पडतो आणि दुकानात कोणी सांगत नाही. बॅरलमधले पिळे किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात तो आकडा म्हणजे ट्विस्ट. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट हवा, नाहीतर ती हवेत डगमगते. याचं सर्वात चांगलं उदाहरण १९५५ सालचं. त्या वर्षी दोन कंपन्यांनी ६ मिलिमीटरची दोन काडतुसं बाजारात आणली, विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४. रेमिंग्टनची केस तर थोडी मोठीच होती. पण रेमिंग्टनने ती व्हार्मिंटची रायफल धरून १२ इंचांत एक फेरा असा सैल पीळ दिला, ज्यात ९० ग्रेनच्या वरची गोळी नीट स्थिरावत नसे. विंचेस्टरने १० इंचांचा पीळ दिला आणि १०० ग्रेनची हरणाची गोळी चालवून दाखवली. लोकांना एकाच रायफलीत कोयोटी आणि हरीण दोन्ही हवं होतं. .२४३ घराघरांत पोहोचली. रेमिंग्टनने १९६३ मध्ये पीळ ९ इंचांचा करून त्याच काडतुसाला ६ मिलिमीटर रेमिंग्टन असं नवं नाव दिलं, पण गेलेली वेळ परत आली नाही. चांगलं काडतूस पिळातल्या दोन इंचांच्या फरकामुळे मागे पडलं.

आज तोच प्रसंग .२४३ वर आला आहे. जुन्या धाटणीच्या १० इंची पिळात १०३-१०८ ग्रेनच्या आजच्या लांब गोळ्या स्थिरावतीलच याची खात्री नसते. ६ मिलिमीटर क्रीडमूरच्या रायफली साडेसात किंवा आठ इंची पिळाच्या येतात, म्हणून १०३ ग्रेनची ईएलडी-एक्स ती सहज झाडते. ३०५० फुटांनी सुटलेली ही गोळी ४०० यार्डांवर २३०० फुटांच्या आसपास वेग राखते आणि वाऱ्यात १० इंचच सरकते, म्हणजे मोठ्या भावाच्या बरोबरीने, कमी झटक्यात. प्राँगहॉर्नसाठी मला व्यक्तिशः हे काडतूस अतिशय आवडतं. जुनी .२४३ घरात असेल किंवा स्वस्तात मिळत असेल तर ९०-१०० ग्रेनची गोळी घाला आणि ३०० यार्डांत राहा. तिने आजवर असंख्य हरणं उतरवली आहेत आणि पुढेही उतरवेल.

.२५-०६ मला जुन्या मित्रासारखी वाटते. .३०-०६ ची केस आवळून निडनर नावाच्या बंदूककाराने १९२० च्या सुमारास ती केली, रेमिंग्टनने १९६९ मध्ये तिला कारखान्याचं काडतूस बनवलं. ११७ ग्रेनची गोळी तीन हजार फुटांच्या जवळपास जाते. माळावरच्या जुन्या शिकाऱ्यांमध्ये आजही तिला मान आहे. अडचण एवढीच की बहुतेक बॅरल १० इंची पिळाच्या, त्यामुळे आजच्या लांब गोळ्यांचा फायदा घेता येत नाही. दुकानात डबेही मोजकेच दिसतात. लहान गावात हंगामाच्या आदल्या संध्याकाळी तुमचा डबा संपला तर क्रीडमूरचा मिळेल, .२५-०६ चा मिळेलच असं नाही.

६.५ पीआरसीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. तीच १४३ ग्रेनची गोळी, वेग २९६० फूट. चारशे यार्डांवर वाऱ्यातला फरक क्रीडमूरपेक्षा साधारण एक इंच. एल्कही करायचा असेल आणि सराव पक्का झाला असेल तेव्हा घ्या. कोलोरॅडोचा कायदा ६ मिलिमीटरने एल्क मारू देतो, पण तीनशे किलोंच्या नरावर मी लहान गोळी वापरत नाही आणि दुसऱ्यालाही सुचवत नाही.

आता गोळी. प्रत्येक गोळीला नीट पसरण्यासाठी ठरावीक किमान वेग लागतो. बऱ्याच बाँडेड (कवच आणि आतलं शिसं एकजीव केलेल्या) आणि तांब्याच्या गोळ्यांना सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास, ईएलडी-एक्ससारख्यांना १६००. तुमची गोळी ज्या अंतरावर या वेगाखाली येते, ते अंतर तिची खरी हद्द, मग तुमचा नेम कितीही पक्का असो. दुसऱ्या टोकाला, फार वेगाने जवळून लागलेली मऊ गोळी फुटून जाते. .२५७ वेदरबीने ८० यार्डांवर खांद्यात मारलेल्या हरणाचा पुढचा फरा उघडून बघा. कातडीखाली रक्ताची जेलीसारखी साय पार बरगड्यांपर्यंत पसरलेली असते आणि दोन-तीन किलो मटण फेकावं लागतं. म्हणून वेगवान काडतूस घेतलंत तर गोळी कठीण घ्या, बाँडेड किंवा तांब्याची, आणि नेम खांद्याच्या मागे धरा. तांब्याच्या गोळीत शिशाचे कण मटणात जात नाहीत हाही फायदा. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, तिथे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि पुन्हा घट्ट पीळ लागतो.

जनावर पडल्यावर प्राँगहॉर्नच्या बाबतीत घाई करा. हंगामाच्या सुरुवातीला माळावर ऊन असतं. पोट लगेच साफ करून, कातडं उतरवून मटण बर्फाच्या पेटीत गेलं तर ते हरणापेक्षाही गोड लागतं. उशीर झाला की उग्र वास येतो आणि मग लोक जनावरालाच नावं ठेवतात.

एक गोष्ट तुम्हाला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या अनेकांना लागू आहे. एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत, मित्राची रायफल रेंजवर हातात घेणंही त्यात येतं. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. आधी परवाना, मग रायफलीला हात, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. हा गुन्हा गंभीर आहे आणि तो इमिग्रेशनच्या फायलीतही येतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, तेव्हा आपल्याकडच्या घरांत हे सांगणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

रायफल घेताना स्कोपसकट वजन साडेआठ ते नऊ पौंड असू द्या. फार हलकी रायफल चढाला बरी वाटते, पण दम लागलेला असताना स्थिर राहत नाही. स्कोपवर रायफलीच्या बरोबरीने खर्च करा. ३ ते १५ पट मोठं दाखवणारा, टरेटचे क्लिक खरे असणारा पुरे. तीन वेगवेगळ्या गोळ्यांचे डबे आणून कुठली तुमच्या बॅरलला मानवते ते बघा, मग त्याच गोळीचे चांगले दहा डबे एकदम घ्या आणि पुन्हा बदलू नका.

बाकावर बसून झाडणं झिरोपुरतं ठेवा. मग बाक सोडा. पाठीवरच्या पिशवीवर टेकून पालथे, काठ्यांवर टेकून बसून, गुडघ्यावर, असा सराव करा. आठ इंचांची थाळी १०० यार्डांवर ठेवा आणि त्या स्थितीत पाचपैकी पाच लागेपर्यंत अंतर वाढवू नका. पाचातली एक चुकायला लागली की त्या स्थितीची तुमची हद्द तिथे संपली, ती वहीत लिहून ठेवा. बसून माझी हद्द पालथ्यापेक्षा निम्मीच भरते, आणि माळावर सेजब्रश उंच असलं की पालथं पडून काही दिसत नाही, बसूनच मारावं लागतं. घरी रिकाम्या रायफलीने रोज दहा मिनिटं ट्रिगर दाबायचा सराव करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर दोनदा तपासून.

डेन्व्हरहून वायोमिंगला गाडीने गेलात की शिकारीच्या आदल्या दिवशी तिथल्या मोकळ्या जागी, मागे मातीचा उंचवटा बघून, तीन गोळ्या २०० यार्डांवर झाडा. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कोप हलतो. तिथली हवा, तापमान आणि उंची बॅलिस्टिक ॲपमध्ये नव्याने भरा. रायफल घेतलीत की तिच्या बॅरलचा ट्विस्ट आणि निवडलेल्या गोळीचं वजन मला कळवा, तुमच्या उंचीचा ड्रॉपचा तक्ता करून देतो. तो कागद रायफलीच्या दस्त्यावर चिकटवून ठेवता येईल.